बांबूचा कागद, पावसाळ्याची बैठक आणि घरची वही

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा ही दोघांमधली हद्द ठरली. कागदावर जिल्हे दोन झाले, पण जंगल, धान आणि पाऊस यांना ही हद्द माहीत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर वर्षाचे वेळापत्रक एकच चालते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी करायची. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येते आणि त्यानंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि लेकीबाळी त्या निमित्ताने माहेरी येतात.

या धावपळीत एक मोकळी फट आहे. रोवणी संपलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. नदी-नाले भरलेले असतात. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. चंद्रपूर शहरातही सततच्या पावसाने माणसे घरात बसतात. इकडच्या भागात पुस्तक उघडण्याची खरी वेळ हीच. जंगलाच्या जिल्ह्यात वाचनालाही हंगाम असतो. या हंगामात आम्ही काय वाचले, कोठे गेलो आणि वाचता वाचता लिहू का लागलो, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

कागद येतो कोठून?

चंद्रपूरहून दक्षिणेला थोडेसे गेले की बल्लारपूर लागते. रेल्वेने येणारा माणूस या स्थानकाला बल्लारशाह म्हणतो. गोंड राजांची ही जुनी राजधानी, वर्धा नदीच्या काठी त्यांचा किल्ला आजही उभा आहे. पण देशभर बल्लारपूरचे नाव गेले ते कागदामुळे. येथील कागद कारखान्याची कंपनी 1945 साली स्थापन झाली. शाळेच्या वह्यांपासून कचेरीच्या फायलींपर्यंत कितीतरी कागद या गावातून गेला.

हा कागद बांबूचा. जंगलातून तोडून आणलेल्या बांबूचे यंत्राने बारीक तुकडे करतात, ते रसायनांत शिजवतात, त्याचा लगदा होतो, तो धुऊन पांढरा करतात आणि जाळीवर पातळ पसरून वाळवतात. आपल्या मुलाच्या वहीचे पान हाताला गुळगुळीत लागते तेव्हा त्यामागे चिचपल्ली, धानोरा किंवा आलापल्लीकडच्या रानातला एखादा बांबू असू शकतो, हे मुलांना सांगितले तर त्यांना नवल वाटते.

याच बांबूवर बुरुड समाजाची चूल पेटते. सूप, टोपली, ताटवा, कणगी, सारे बांबूचेच. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब येतात, त्यांना इकडे वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. एकाच झाडाचा एक वाटा ताटात जातो, दुसरा घराच्या कुडाला लागतो आणि तिसरा दप्तरात बसतो. पण कित्येक वर्षे असे होते की कारखान्याला हा बांबू करार करून मिळे आणि ज्या गावाच्या भोवती तो उगवे, त्या गावाच्या माणसाला तो तोडून विकण्याचा हक्क नव्हता. हे चित्र बदलले ते एका गावाने अभ्यास केला म्हणून. तो अभ्यास कसा झाला हे पाहायला मेंढ्याला जावे लागते.

मेंढ्याचा अभ्यास गट

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली येते. तेथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंनी जंगल दाट होत जाते. ऑगस्टमध्ये या रस्त्याने जाणे म्हणजे हिरव्या रंगाच्या किती छटा असतात याची उजळणी करणे. बांधीत गुडघाभर पाणी, त्यात कंबर वाकवून रोवणी करणाऱ्या बायका, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. याच रस्त्यावर मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. शेजारी लेखा हे गाव असल्यामुळे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात.

बाहेरून पाहिले तर मेंढा चारचौघांसारखेच गाव आहे. कौलारू घरे, स्वच्छ अंगणे, कुडाची कुंपणे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा हे तिथले नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी दीर्घकाळ काम केले. मोहनजी आपल्या नावापुढे आई आणि वडील दोघांची नावे लावत. जानेवारी 2025 मध्ये त्यांचे निधन झाले.

या गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वांच्या संमतीने घेते. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो आणि पुन्हा बोलणे होते. असे करायचे तर माणसांना विषय नीट समजलेला असावा लागतो. म्हणून गावात अभ्यास गट सुरू झाला. ज्याला रस आहे त्याने यावे, कोणावर सक्ती नाही. एक विषय घ्यायचा, त्यावर जे लिहिलेले आहे ते वाचायचे, जाणकाराला बोलवायचे, प्रश्न विचारायचे. अभ्यास गटात निर्णय होत नाहीत. तिथे फक्त समजून घ्यायचे असते, निर्णय ग्रामसभा घेते. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटली. आपल्या घरांत आणि जमातींत समजून घेणे आणि निकाल देणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकली जातात, त्यामुळे आवाज चढतात आणि समज मागे राहते.

अभ्यासाचे विषय कोणते? मोठे मोठे सिद्धान्त नव्हेत. मधमाश्यांना न मारता मध कसा काढायचा. जंगलातून कोण काय आणतो, किती आणतो. कायद्यातल्या एखाद्या कलमाचा अर्थ काय. म्हणजे रोजच्या जगण्यातलेच सारे. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक याच गावावर आहे. गावाला जाण्याआधी आम्ही ते वाचले होते, त्यामुळे डोळे थोडे तयार होते.

2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू हे गौण वनोपज मानले गेले आणि गावाला सामूहिक वनहक्क मागता येऊ लागला. मेंढ्याने दावा केला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हक्क या गावाला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो कोणी द्यायचा यावर गाडे अडले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या बांबूचा कागद होतो, तो बांबू विकण्याचा हक्क अखेर एका कागदी पुस्तकाच्या रूपानेच गावात आला.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की हा दावा रोजच्या वस्तूंच्या नोंदींवर उभा राहतो. जळाऊ लाकूड कोठून आणता, गुरे कोठे चारता, मोह कोणत्या भागात वेचता, मासे कोणत्या डोहात धरता? 1950 नंतर मालगुजारी आणि जमीनदारी संपली, तेव्हा गावाच्या अशा वापराच्या नोंदी निस्तार पत्रकात झाल्या होत्या. त्या काळी कोणा कारकुनाने कंटाळत लिहिलेल्या त्या ओळी साठ वर्षांनी नातवंडांच्या कामी आल्या.

झाडांची मैत्रीण आणि ताटातला भात

परतताना आम्ही गडचिरोली-धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममध्ये थांबलो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेले ‘सर्च’चे काम लहान बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी जगभर ओळखले जाते. पण आमच्या बैठकीतल्या बायकांना त्या जागेची ओढ वेगळ्या कारणाने होती. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक आम्ही त्याच पावसाळ्यात मोठ्याने वाचले होते. गोईण म्हणजे मैत्रीण. इकडच्या गावांत दोन मुली किंवा बायका रीतसर गोईणी होतात आणि ते नाते जन्मभर पाळतात. पुस्तकात गडचिरोलीच्या बायका झाडांविषयी बोलतात. कोणते झाड बाळंतिणीला उपयोगी, कोणत्याची भाजी करतात, कोणते तोडू नये. त्या बायकांतल्या अनेकींनी हातात पाटी धरलेली नाही. त्यांना जे ठाऊक होते ते कोणीतरी बसून ऐकले आणि लिहिले, म्हणून ते आज चंद्रपूरच्या एका मोहल्ल्यातील स्वयंपाकघरात वाचले जाते.

लिहून ठेवण्याचे मोल सांगणारे दुसरे उदाहरण आपल्या ताटात आहे. विदर्भात घरोघरी एचएमटी तांदूळ शिजतो. साधा भात असो की पाहुण्यांसाठी पुलाव, दुकानात आपण नाव तेच घेतो. हे वाण चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधले. जेमतेम तिसरी शिकलेला, थोडीशी जमीन असलेला हा शेतकरी. 1983 साली आपल्या धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या बाकीच्यांहून वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षे निवड करत त्यांनी बारीक दाण्याचे, चांगला उतारा देणारे वाण तयार केले. बाजारात त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीचे घड्याळ लोकप्रिय होते, व्यापाऱ्याने तेच नाव ठेवले. पुढे एका कृषी विद्यापीठाने हेच वाण शुद्ध करून आपल्या नावाने दिले आणि श्रेय कोणाचे यावर वाद झाला. 2005 साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, पण हाती पैसा फारसा आला नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले.

आमच्या बैठकीत हा प्रसंग सांगितल्यावर एक आपा म्हणाल्या, “बघा, तीस वर्षे त्यांचाच भात खाल्ला आणि नाव आज कळले.” त्या दिवशी सर्वांनी भातावर लिहायचे ठरले.

आमची पावसाळी बैठक

आता या बैठकीविषयी. चंद्रपुरात आमच्या ओळखीची सात-आठ घरे आहेत. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत दर रविवारी, असरच्या नमाजनंतर, कोणाच्या तरी घरी आम्ही जमतो. मंडळ नाही, फलक नाही, वर्गणी नाही. ज्याचे घर त्याच्याकडे चहा आणि भजी. दादी-नानी असतात, कॉलेजची मुले असतात, शाळकरी नातवंडे असतात. पुरुषांची संख्या सुरुवातीला कमी होती, भज्यांमुळे वाढली.

पहिला अर्धा तास एकाने मोठ्याने वाचायचे. ‘गोईण’ आणि ‘गोष्ट मेंढा गावाची’ झाले, डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ झाले, मारुती चितमपल्ली यांचे रानावरचे लेखन झाले. ही सर्व पुस्तके आपल्याच दोन जिल्ह्यांच्या आसपासची, म्हणून ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांनाही ओळखीची वाटतात. दुसऱ्या अर्ध्या तासात प्रत्येकाने आपले लिहिलेले वाचायचे. विषय आधीच्या रविवारी चिठ्ठी काढून ठरतो आणि तो रोजच्या वापरातली वस्तूच असतो. सूप, कुलूप, छत्री, रेशनकार्ड, चूल, पानदान, वाळत घातलेले कपडे. मर्यादा दहा ओळींची. शुद्धलेखन कोणी काढायचे नाही आणि उपदेश कोणी करायचा नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलायचे आणि नातवंडांनी उतरवून घ्यायचे.

पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ खालांनी हात झटकले. म्हणाल्या, “बेटा, सूप में लिखने जैसा क्या है?” घरात आमची बोली अशीच दखनी वळणाची, शाळा मराठी. त्यांच्या नातीने विचारले, “नानी, तुम्ही पहिले सूप कोठून घेतले?” मग नानी सांगू लागल्या. लग्नानंतर सासूने बुरुडाच्या घरी नेले होते, शेणाने सारवलेले सूप कसे टिकते ते तिथेच शिकल्या, आणि ती बुरुडीण पुढे त्यांच्या तीन बाळंतपणांत मदतीला आली. दहा ओळींत दोन घरांची पन्नास वर्षांची ओळख आली. नातीला हे काहीच ठाऊक नव्हते.

कपड्यांच्या विषयावर एका मुलीने लिहिले की दोरीवरची पांढरी ओढणी किती वेळात करडी होते ते ती आठवडाभर पाहत होती. चंद्रपूर ही कोळशाची आणि विजेची नगरी, धूळ येथे पाहुण्यासारखी येत नाही, भाडेकरूसारखी राहते. छत्रीवर एका चाचांनी लिहिले की त्यांच्या वडिलांकडे एकच छत्री होती आणि ती पावसात ते दुकानातल्या मालावर धरत, स्वतःवर नाही. हे वाचताना चाचांचा आवाज बदलला आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मराठीत लिहिताना मुलांना एक गंमत सापडली. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले की कोणाला परके वाटत नाहीत. हक्क, दावा, दस्तऐवज, वारस हेही तसेच. लिहिण्याचे आणि हक्काचे शब्द एकाच वाटेने आले. मराठी मुसलमानाने मराठीत लिहिणे ही काही नवी सवलत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून ही परंपरा आहे, आणि 1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरले. आमची बैठक त्या परंपरेतली फार लहान कडी, पण कडी आहे.

नदीपलीकडचे कागद

बल्लारपूरजवळ वर्धा नदी ओलांडली की राजुरा तालुका लागतो. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य पुनर्रचनेत तो इकडे आला आणि 1959 साली चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे तिकडच्या काही घरांत आजही पत्र्याच्या पेटीत उर्दूतले जुने कागद असतात. शेताचा, खरेदीचा, कर्जाचा. आजोबांना ते वाचता येत. मुलगा जेमतेम अक्षरे लावतो. नातू मराठी शाळेत शिकला, त्याला त्यातले ओ की ठो कळत नाही. 2023 साली मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे सरकारलाही शोधावी लागली. घराघरांतली गत वेगळी नाही.

आमच्या बैठकीतील एका कुटुंबाचे नातेवाईक जंगलाच्या काठावरच्या गावात राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या थोडी शेती करतात. वनहक्क कायदा केवळ आदिवासींसाठी आहे असा अनेकांचा समज आहे, पण तसे नाही. कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा गट आहे आणि त्यात कोणत्याही धर्माचे, जातीचे लोक येऊ शकतात. अट मात्र कठीण आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, ते तेथे राहत होते आणि उपजीविकेसाठी जंगलावर किंवा वनजमिनीवर अवलंबून होते हे दाखवावे लागते. हिशेब केला तर वर्ष येते 1930. त्या वर्षीचा कागद किती घरांत निघेल?

कायद्याच्या नियमांनी यावर एक दार ठेवले आहे. पुरावा म्हणून केवळ सरकारी कागदच चालतात असे नाही. जुनी विहीर, कबरस्तान, घराचा पाया, बांध अशा खुणा चालू शकतात. आणि दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतही पुराव्यात धरतात. एकाहून अधिक पुरावे मात्र लागतात. म्हणजे शेजारच्या घरातील म्हाताऱ्या गोंड बाबांनी सांगितले की या कुटुंबाचे आजोबा अमुक विहिरीवर बैल पाजत, तर ती ओळही मोलाची ठरते.

हे समजल्यावर त्या कुटुंबातील दोन तरुण पावसातच गावाला गेले आणि वही घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसले. एक बाबा नव्वदीच्या पुढचे. त्यांनी विहीर सांगितली, चिंचेचे झाड सांगितले, ईदला कोणाच्या घरून शिरखुर्मा येई तेही सांगितले. मुलांनी तारीख घातली, बाबांचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. दावा अजून चालू आहे, निकाल काय लागेल ते अल्लाहलाच ठाऊक. पण पुढच्या पावसाळ्याआधी ते बाबा वारले. त्यांची हकीकत वहीत राहिली. शेजारच्या दोन घरांतील वडीलधाऱ्यांची राहिली नाही, कारण त्यांच्याकडे कोणी वही घेऊन गेले नव्हते.

घरी काय करता येईल

हे वाचून कोणाला वाटेल की आमच्याकडे जंगल नाही, दावा नाही, आम्ही कशाला लिहावे? पण प्रत्येक घराला आपला 1930 असतो. कोणाला वडिलांच्या जन्मतारखेचा घोळ सोडवायचा असतो, कोणाला निकाहनाम्यातले नाव आणि आधारकार्डावरचे नाव जुळवायचे असते, कोणाला आजी कोणत्या गावची हेच ठाऊक नसते. आणि कशाचाही दावा नसला तरी नातवंडांना आपली माणसे कशी जगली हे कळणे ही काही लहान गोष्ट नाही.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकरातील ती आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. रोजच्या बाबी लिहिण्यात कमीपणा नाही, हे आपल्याला याहून स्पष्ट कोण सांगणार?

सुरुवात करायची तर शंभर पानी एक वही पुरे. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांची पूर्ण नावे, जन्मगावे आणि वर्षे लिहावीत. नाव उर्दूत कसे लिहितात आणि मराठीत कसे, दोन्ही शेजारी लिहावे. पुढच्या पानांवर आठवड्याला एक वस्तू घ्यावी. ज्याने सांगितले त्याचे नाव आणि तारीख प्रत्येक वेळी घालावी, कारण तारीख नसलेली आठवण दहा वर्षांनी अर्धी होते. उर्दूतले जुने कागद असतील तर आजच कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावेत, त्यांचा मराठी मजकूर वहीत उतरवावा आणि मूळ कागद ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा. मोबाइलवर फोटो काढावा, पण फोटोवर विसंबून वही सोडू नये. आणि आठवड्यातून एकदा जे लिहिले ते मोठ्याने वाचावे. वाचले की दुरुस्त्या निघतात. “अरे, ते तसे नव्हते,” म्हणून कोपऱ्यातले आजोबा बोलू लागतात, तीच तर आपल्याला हवी असलेली ओळ असते.

बैठकीसाठी पावसाळाच हवा असेही नाही. आपले चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत रमजान सर्व ऋतूंतून फिरून येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चकडे आहे, म्हणजे इकडे मोह गळायला लागतो त्या सुमाराला. आमच्या एका दादीने भर उन्हाळ्यातले रोजे लहानपणी पाहिले, नंतर थंडीतले, पुन्हा उन्हाळ्यातले. एवढे फेरे पाहिलेले माणूस घरात बसले आहे आणि आपण त्याला काहीच विचारत नाही.

बांबूचेही असेच आहे म्हणतात. कित्येक वर्षे तो नुसता वाढतो, मग एकदाच फुलतो आणि वाळून जातो. जाणती माणसे फुलोरा आला की बी गोळा करून ठेवतात, कारण दुसरी संधी त्यांच्या हयातीत येईलच असे नाही. आपल्या घरातही या क्षणी कोणीतरी फुलावर आलेले आहे. येत्या जुम्याच्या दुपारी जेवण झाले की त्यांच्याजवळ बसा, वही उघडा आणि एवढेच विचारा, “तुमच्या लहानपणी पाणी कोठून आणत?” पुढचे ते स्वतःच सांगतील, इन्शाअल्लाह.